लॅपटॉपची सॅक महागातली घ्यावी की स्वस्तातली? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रोजच्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात आमचं बॅगा शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. मामंजी कॅनव्हासची दप्तरं शिवायचे. आता मशिनवर मी बसते आणि काउंटरही मीच बघते. उद्यमबागेतले, मच्छ्याकडचे, कॉलेजातले, खानापूर-संकेश्वरहून रोज ये-जा करणारे, सगळे एकच प्रश्न घेऊन येतात: आठशेची घेऊ की आठ हजारांची? विकलेल्या बॅगांपेक्षा उसवून परत आलेल्या बॅगांनी मला जास्त शिकवलं. जे शिकले ते इथं लिहिते.

दिसायला दोन्ही सारख्याच. मग पैसे जातात कुठं?

टांगलेल्या बॅगेत फरक दिसत नाही, कारण तो आतल्या बाजूला असतो. स्वस्त बॅगेत खर्च पुढच्या अंगावर होतो: मोठा लोगो, पाच-सहा कप्पे, चार्जिंगच्या वायरीसाठी बाहेर काढलेलं भोक. महाग बॅगेत तो पट्ट्याच्या मुळाशी, चेनमध्ये, बुडाच्या कापडात आणि पाठीच्या फोममध्ये जातो. थोडाफार नावातही जातो, ते नाकारत नाही.

मी ढोबळ तीन गट धरते. हजाराच्या आतल्या, दीड ते तीन हजारांतल्या आणि पाच हजारांच्या वरच्या. पहिल्या आणि दुसऱ्या गटातला फरक हातात घेतल्या घेतल्या कळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्यातही फरक असतो, पण किंमत जेवढी वाढते तेवढा नसतो.

चार्जिंगच्या त्या भोकाचं एक सांगायचं राहिलं. आत फक्त एक वायर असते, पॉवर बँक आपलीच घालायची. आणि बॅगेला पडलेलं प्रत्येक भोक पावसाळ्यात पाण्याची वाट होतं. त्यासाठी शंभर रुपयेही जास्त देऊ नका.

मग मी कुठली घेऊ?

लॅपटॉप केवढ्याचा आहे हे मी आधी विचारत नाही. कुठून कुठं जाता आणि कशानं जाता, हे विचारते. बॅग खराब करते ती वाट.

आपला जिल्हा बघा. जांबोटी-कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं झड लागली की दिवसच्या दिवस उघडीप नसते. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणी-रायबागकडं पावसाची वाट बघावी लागते आणि बॅग मरते ती उन्हानं, धुळीनं. खानापूरच्या माणसाला पाण्याचा विचार आधी करावा लागतो. अथणीच्या माणसाला चेनमध्ये जाणाऱ्या धुळीचा आणि रंग उडण्याचा.

टिळकवाडीत राहून जवळच्या कॉलेजला जाणाऱ्या पोराला मी हजार-बाराशेचीच बॅग देते, त्यातली धडधाकट निवडून. जायचं तीन-चार किलोमीटर, तेही पाऊस थांबला की निघायची मुभा. खानापूरहून रोज पंचवीस-सव्वीस किलोमीटर दुचाकीवर येणाऱ्याला ती देणार नाही. त्यानं मधल्या गटातलीच घ्यावी. कंपनीचा लॅपटॉप, अंगावर जबाबदारी, रोजचा दोन तासांचा प्रवास आणि महिन्यातून दोनदा पुणे किंवा बेंगळुरू, असं असेल तर पाच हजारांच्या पुढची बॅग वाया जात नाही.

पैशाचा हिशेब असा. वर्षात कामाचे दिवस २८० धरले. आठशेची बॅग आमच्याकडं रोजच्या खानापूर वाऱ्या करणाऱ्याची एखादं वर्षच टिकते, म्हणजे दिवसाला २ रुपये ८६ पैसे. चोवीसशेची चार वर्षं टिकली तर दिवसाला २ रुपये १४ पैसे. आठ हजारांची आठ वर्षं टिकली तरी दिवसाला ३ रुपये ५७ पैसे. मधलीच स्वस्त पडते. पण हा हिशेब नुसत्या बॅगेचा झाला. आठशेची बॅग तुटताना आतला लॅपटॉप घेऊन पडली, तर त्यात पन्नास हजार मिळवावे लागतात.

पट्टा तुटतो तो का? आणि घेतानाच कसं ओळखायचं?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी खानापूरकडची एक मुलगी माझ्याकडून बॅग घेऊन गेली. निळी, देखणी, साडेसातशेची. माल बाहेरून आलेला, मी फक्त विकला. तीन महिन्यांनी सकाळी बसमध्ये चढताना तिनं दांडीला हात घातला, मागून लोट आला आणि उजव्या खांद्याचा पट्टा वरच्या बाजूनं सुटला. बॅग पायरीवर आपटून खाली रस्त्यावर गेली. लॅपटॉप बापानं पीककर्जाच्या पैशांतून घेऊन दिलेला. स्क्रीन गेली. मुलगी दुकानात आली तेव्हा भांडली नाही, नुसती बॅग काउंटरवर ठेवून म्हणाली, "अक्का, बॅग चांगली होती खरं पट्टाच र्‍हायला नाही." मी तिचे पैसे परत दिले, पण स्क्रीनचे देऊ शकले नाही, आणि ते अजून मनात आहे.

त्या रात्री मी ती बॅग उसवली. पट्ट्याचं टोक वरच्या शिवणीत जेमतेम एक सेंटिमीटर धरलेलं होतं. त्यावरून एकच सरळ टीप मारलेली, टाके मोठे आणि लांबलांब. पट्टा फाटला नव्हता, दोराही तुटला नव्हता. कापडाची कड विरून शिवणीतून सगळं टोक तसंच्या तसं बाहेर सरकलं होतं. आतल्या कडेला पट्टी मारलेली नव्हती, नुसते धागे लोंबत होते.

तेव्हापासून बॅग घेताना मी पहिल्यांदा तिथं बघते आणि तुम्हीही बघा. पट्टा जिथं पाठीला जोडलाय तिथं चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई असावी, नाहीतर एकाच जागी खूप दाट मागं-पुढं मारलेली टीप असावी. मग चेन उघडून हात आत घाला आणि वरच्या शिवणीवरून बोट फिरवा. कडेला पट्टी मारलेली असेल तर बोटाला गुळगुळीत लागतं. धागे लागले तर ती बॅग खाली ठेवा. खालच्या टोकाला पट्टा एका तिकोनी कापडात धरलेला असतो, तोही तसाच बघा. शेवटी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पट्टा धरून चांगला हिसका द्या. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

महाग बॅगेत ही शिलाई बहुतेक नीट असतेच. मधल्या गटात बघून घ्यावी लागते. स्वस्तातल्या दहा बॅगांमध्ये दोन-तीन तरी चांगल्या निघतात, त्या शोधायला वेळ द्यावा लागतो एवढंच.

वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं, तरी आत पाणी कसं गेलं?

बॅगेच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. तो पाणी अडवतो. पण सुई जिथं जिथं गेली तिथं भोक पडलं आणि चेन तर भोकांचीच रांग. पाणी कापडातून येत नाही, शिवणीतून आणि चेनमधून येतं. शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असेल आणि तोंड गुंडाळून बंद करायचं असेल, तरच ती बॅग खरी वॉटरप्रूफ. तशा बॅगा वेगळ्या दिसतात, महाग असतात आणि रोज दहा वेळा उघड-झाक करायला गैरसोयीच्या. बाकी ज्यांवर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असतं त्या भुरभुर पावसात पंधरा-वीस मिनिटं तग धरतात. आठ हजारांची घेतली तरी जुलैमधल्या झडीत तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका.

रेन कव्हर घातलं की भागतं का?

बस किंवा रेल्वेनं जाणाऱ्याचं भागतं. दुचाकीवाल्याचं अर्धंच भागतं.

रेन कव्हर बॅगेची समोरची बाजू, वर आणि बूड झाकतं. पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते. दुचाकीवर पाणी हेल्मेटवरून मानेवर, मानेवरून रेनकोटच्या पाठीवर आणि तिथून थेट बॅगेच्या पाठीच्या फोममध्ये उतरतं. फोम ते स्पंजासारखं धरून ठेवतो आणि लॅपटॉपचा कप्पा असतो नेमका त्या फोमला लागून. शिवाय कव्हरच्या तळाशी पाणी साठतं. बूड त्यात भिजत राहतं. कव्हरच्या तळाला छोटं भोक आहे का बघा. नसेल तर मी पाडून, कडेला टीप मारून देते.

माझा उपाय जुनाच आहे. रोप लावणीच्या वेळी शेतात बायका प्लॅस्टिकची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडतात. पाणी वरून खाली घसरून जातं, कुठं थांबत नाही. तसंच करा: रेनकोट दोन साइज मोठा घ्या आणि बॅग आत, रेनकोट वरून. आणि लॅपटॉप कप्प्यात ठेवण्याआधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड दुमडा. पिशवी नवी घ्या. खताच्या पोत्यातली काढलेली घेऊ नका, युरियाचा कण राहिला तरी तो ओल ओढतो. ऑफिसात पोहोचल्यावर मात्र लॅपटॉप पिशवीतून लगेच बाहेर काढा, नाहीतर आतल्या आत घाम धरतो.

लेबलवर ६००डी, १६८०डी लिहिलेलं असतं, ते काय?

डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्याचा डेनियर. ६००डी म्हणजे नऊ किलोमीटर धागा ६०० ग्रॅम भरतो. आकडा मोठा तितका धागा जाड.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. नायलॉन आणि पॉलिएस्टर एकाच डेनियरचे घेतले तर घासण्याला नायलॉन जास्त टिकतं. उन्हाला पॉलिएस्टर बरं आणि ते पाणीही कमी पितं. आपल्याकडच्या बहुतेक बॅगा पॉलिएस्टरच्या असतात. रोजच्या वापराला दाट विणीचं ६००डी किंवा ९००डी पुरतं. बुडाला त्याहून जाड कापड असेल तर उत्तम, कारण बॅग झिजते ती बुडालाच: बसची फरशी, कॉलेजचा वऱ्हांडा, गाडीचं फूटबोर्ड. १६८०डी मजबूत असतं, पण बॅगेचं वजनही वाढवतं.

चेन बिघडली की बॅग गेलीच समजायची का?

नाही हो. दुकानात येणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांचं वाक्य हेच असतं, "अक्का, बॅग चांगली हाय खरं चेन बसंना झालीय." अशा वेळी दात शाबूत असतात, झिजलेला असतो तो रनर. तो बदलला की काम झालं. अगदी अडलं तर रनरच्या दोन्ही कडा पकडीनं हलक्या दाबा, काही दिवस निघतात. जोरात दाबलं तर मोडतो, म्हणून हलक्या म्हणते.

घेताना चेनवरचा आकडा बघा. रनरच्या मागं ५, ८ किंवा १० असा असतो. बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. लॅपटॉपच्या मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवी. पुढच्या खिशाला ५ चालते. जपानची वायकेके १९३४ पासून चेन बनवते आणि तिचं नाव असलेली चेन बहुधा निराश करत नाही. मात्र त्या नावाच्या नकला बाजारात भरपूर आहेत. म्हणून चेन स्वतः चालवून बघा, विशेषतः कोपऱ्यावर. तिथं रनर अडकला तर बॅग भरल्यावर जास्त अडकेल.

लाल मातीच्या रस्त्यावरून येणाऱ्यांनी पंधरा दिवसांतून एकदा जुन्या टूथब्रशनं चेनचे दात झाडावेत आणि मेणबत्ती घासावी. तेल लावू नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

माझा लॅपटॉप १५.६ इंची आहे, तर १५.६ लिहिलेली कुठलीही बॅग चालेल?

ते माप स्क्रीनचं, तेही तिरकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. तुमच्या लॅपटॉपचं अंग किती रुंद आणि किती जाड ते त्यातून कळत नाही. साधा १५.६ इंची साधारण ३६ सेंटिमीटर रुंद भरतो. गेमिंगचा असेल तर मागं आणखी दोन-तीन सेंटिमीटर लांब, जाडही आणि चार्जर विटेएवढा. लॅपटॉप सोबत घेऊन दुकानात या. कप्प्यात घालून चेन लावा, ओढून लावावी लागली तर ती बॅग तुमची नव्हे.

आणि त्याच वेळी खालून हात लावून बघा. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या बुडापर्यंत पोहोचतो की दोन बोटं वर अधांतरी राहतो? अधांतरी हवा. बुडाला टेकलेला असेल तर बॅग खाली ठेवताना प्रत्येक वेळी लॅपटॉपचा कोपरा फरशीवर आपटतो. हे एक लक्षण स्वस्त आणि चांगल्या बॅगेतला फरक सर्वांत लवकर दाखवतं. कप्पा बुडापर्यंत असलेली बॅग घरात आधीच असेल, तर जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून, घडी घालून तळाशी घाला. चांगलं काम देतो.

दुचाकीवर बॅग पाठीवर घ्यावी की पुढं ठेवावी?

पाठीवर. पट्टे इतकेच सैल ठेवा की बॅगेचं बूड सीटला जेमतेम टेकेल. फार ढिले सोडले तर पूर्ण भार सीटवर बसतो आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट लॅपटॉपला. फार आवळले तर तोच भार खांद्यांवर. छातीवरची आडवी पट्टी बऱ्याच जणांना शोभेची वाटते, पण दुचाकीवर ती लावाच, बॅग डुलत नाही. मधल्या गटातल्या बऱ्याच बॅगांना ती असते, स्वस्तात क्वचित. मी वेगळी बसवून देते.

स्कूटरच्या हुकला लॅपटॉपची बॅग अडकवू नका. वळताना ती झुलते आणि गुडघ्याला लागते. लॅपटॉप बंद करून ठेवा, नुसता मिटून नको. मिटलेला लॅपटॉप अधूनमधून आतल्या आत जागा होतो आणि बंद बॅगेत तापतो.

बसच्या गर्दीत बॅग सांभाळायची कशी?

आधी एक विनंती. खिडकीतून सीटवर बॅग टाकून जागा धरायची आपली सवय आहे. लॅपटॉप असेल त्या दिवशी रुमाल टाका, डबा टाका, बॅग टाकू नका. अशी टाकलेली बॅग उघडून तडकलेला लॅपटॉप बघणाऱ्याचं तोंड मी पाहिलंय.

११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. खेड्यातल्या मुली शिकायला, कामाला मोकळेपणानं येतात याचा मला मनापासून आनंद आहे. त्याचबरोबर सकाळच्या बसला उभं राहायलाही जागा नसते. अशा गर्दीत बॅग पोटाशी घ्या. चोरीचा धोकाही कमी होतो आणि दाबही आपल्याला कळतो. ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर बॅग ठेवू नका, तिथं खालून चटका असतो.

गर्दीत स्क्रीन तडकते ती बऱ्याचदा चार्जरमुळे. चार्जर लॅपटॉपच्या झाकणाला लागून असला आणि कुणी मागून रेललं, की सगळा दाब त्या एका जागी येतो. चार्जर वेगळ्या कप्प्यात, तळाशी ठेवा. लॅपटॉपची झाकणाची बाजू पाठीकडं करा.

डबा आणि लॅपटॉप एकाच बॅगेत?

शक्य असेल तर नाही. आमटीचा डबा कितीही घट्ट लावला तरी खड्ड्यात त्याचं झाकण सैल होतं. वेगळी कापडी पिशवी हातात धरणं सगळ्यांत बरं. एकाच बॅगेत न्यायचाच असेल, तर बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात, उभा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्टीलच्या डब्याची कड आतलं अस्तर कापते, म्हणून त्याला नॅपकिन गुंडाळा. पाण्याची बाटली कायम बाजूच्या जाळीत. ती आत ठेवून आलेल्या बॅगा मी दर पावसाळ्याआधीच वाळवायला टांगलेल्या असतात.

पाठ दुखते. महाग बॅगेनं थांबेल का?

थोडी कमी होईल, वजन तेवढंच असेल तर थांबणार नाही. एकदा बॅग वजनकाट्यावर ठेवा. लॅपटॉप पावणेदोन-दोन किलो, चार्जर अर्धा किलो, लिटरभर पाणी एक किलो, डबा एक किलो आणि बॅग स्वतः पाऊण ते दीड किलो. पाच-सहा किलो होतात. महाग बॅगा पुष्कळदा स्वतःच जड असतात, हे घेताना कुणी सांगत नाही. रिकामी बॅग उचलून बघा. दीड किलोची असेल आणि तुम्हाला बसस्टँडपासून चालत जायचं असेल, तर हलकी घ्या.

पट्ट्याचा फोम अंगठ्यानं दाबा. दाबून सोडला की लगेच वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो फोम महिन्या-दोन महिन्यांत पापड होतो. पट्टे रुंद हवेत, चार बोटं तरी. एका खांद्यावर टाकायची सवय सोडा. दुखणं खांद्यातून हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

चामड्याची घेतली तर?

चामड्याचा आपल्या भागाला अभिमान आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्या आठ जिल्ह्यांत बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडचे कारागीर ते काम पिढ्यान् पिढ्या करतात. उन्हाळ्यात, कार्यालयात, मीटिंगला चामड्याची बॅग फार छान दिसते. पण जून ते सप्टेंबर ती घराबाहेर काढू नका. भिजली की डाग पडतात आणि कपाटात ठेवली तर पांढरी बुरशी धरते. एकच बॅग घ्यायची असेल तर चामड्याची नको.

कुठल्या कंपनीची घ्यावी?

नावावरून सांगता येत नाही. अमेरिकन टूरिस्टर आणि सॅमसोनाइट एकाच घरातली, स्कायबॅग्ज आणि अ‍ॅरिस्टोक्रॅट दोन्ही व्हीआयपीच्या. वाइल्डक्राफ्ट आपल्या बेंगळुरूची. प्रत्येकीची स्वस्त बॅगही असते आणि महागही. एकाच कंपनीच्या दोन बॅगांच्या शिलाईत जमीन-अस्मानाचा फरक मी बघितलाय. वर सांगितलं तसं बॅग उलटी-सुलटी करून बघा.

ऑनलाइन घ्यावी की खडेबाजारात, गणपत गल्लीत फिरून?

मी दुकानदार आहे, तरी खरं ते सांगते: ऑनलाइन पुष्कळदा स्वस्त मिळते. पण पट्ट्याला हिसका देता येत नाही आणि आत हात घालता येत नाही. ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत संपायच्या आत घरातच सगळं सामान भरून दोन तास पाठीवर घेऊन वावरा. बाजारात घेताना नावातलं एखादं अक्षर बदललेल्या बॅगा ओळखा. तशी बॅग वाईटच असते असं नाही, पण तिला मूळ कंपनीची किंमत देऊ नका.

लॅपटॉपसोबत फुकट मिळालेली बॅग चालेल?

घरून गाडीत, गाडीतून ऑफिसात, एवढंच असेल तर चालेल.

वॉरंटीचा उपयोग होतो का?

होतो, बिल जपलं असेल तर. वॉरंटी बनावटीतल्या दोषाची असते: शिवण सुटली, बक्कल मोडलं, चेन उसवली. झिजणं, फाटणं, उंदरानं कुरतडणं त्यात येत नाही. मशिनमधून निघणारं थर्मल कागदाचं बिल काही महिन्यांत कोरं होतं, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या. दोष उघड असूनही कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगही आहे. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही.

बॅग धुवायची कशी? आणि पावसाळ्यात वास येतो त्याचं काय?

वॉशिंग मशिनमध्ये नको, फोमचा आकार जातो आणि आतला लेप सुटतो. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून मऊ ब्रशनं वरून घासा, ओल्या फडक्यानं पुसा आणि उलटी टांगून सावलीत वाळवा. कडक उन्हात आणि चुलीच्या धगीवर नको.

पावसाळ्यात बॅग रोज रात्री रिकामी करून सगळ्या चेन उघड्या ठेवायच्या आणि पंख्याखाली टांगायची. वास येतो तो ओल्या फोमचा. बुरशीचे ठिपके दिसले तर पाण्यात थोडा व्हिनेगर मिसळून पुसा. नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या लॅपटॉपच्या कप्प्यात टाकून ठेवा.

काही वर्षांनी आतलं कापड चिकट व्हायला लागतं, पांढरे पापुद्रे सुटतात. तो लेप दमट हवेनं सडलेला असतो. स्वस्त बॅगेत लवकर होतं, महाग बॅगेत उशिरा, पण होतं. त्याला दुरुस्ती नाही.

जुनी बॅग दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

रनर, चेन, बक्कल, पट्ट्याची शिवण, बुडाला ठिगळ, ही सगळी कामं करण्यासारखी आहेत आणि नव्या बॅगेच्या मानानं फार थोड्या पैशांत होतात. आठशेच्या बॅगेचा पट्टा घेतल्या दिवशीच माझ्याकडून पुन्हा पक्का शिवून घेणारे कितीतरी आहेत. मला वाटतं, हातात पैसे कमी असतील तर यापेक्षा चांगला मार्ग नाही. आतला लेप सुटला असेल किंवा पाठीचा फोम चुरा झाला असेल, तर मात्र मी स्वतःच सांगते, यावर खर्च करू नका.

तशी बॅग टाकायची असली तरी कचऱ्यात देण्याआधी माझ्याकडं आणा. चांगले रनर, बक्कलं, पट्ट्यांचे तुकडे मी काढून ठेवते. मशिनशेजारी त्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्या निळ्या बॅगेचं बक्कल अजून त्यातच आहे, आणि तिचा तो सुटलेला पट्टा समोर खिळ्याला टांगलाय. बॅग घ्यायला आलेल्यांना शिलाई कुठं बघायची ते मी त्यावरूनच दाखवते.